मदत हवी आहे: विद्यापीठातला शोध आणि इंडियन रिझर्वेशनवरची जमीन, मालक नक्की कोण? (अमेरिका)

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी मोंटानातल्या एका सरकारी विद्यापीठात पोस्टडॉक करते. विहिरीच्या पाण्यातलं युरेनियम आणि आर्सेनिक जागच्या जागी मोजणारा स्वस्त सेन्सर आमच्या लॅबमध्ये तयार झालाय. पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रँटचा, म्हणजे केंद्र सरकारचा. चाचणीच्या विहिरी जवळच्या इंडियन रिझर्वेशनवर (मूळनिवासी जमातीसाठी राखलेल्या भूभागावर) आहेत आणि जमातीच्या पाणी विभागातला एक तंत्रज्ञ पहिल्यापासून आमच्याबरोबर आहे.

आता गुंता असा:

शोधाचा मालक कोण, यावर लॅबमध्ये रोज नवं मत ऐकायला मिळतं. एक म्हणतो सरकारी पैसा, म्हणजे शोध सगळ्यांचा. दुसरा म्हणतो डोकं तुझं, म्हणजे शोध तुझा. टेक ट्रान्सफर ऑफिस (विद्यापीठातल्या शोधांची पेटंट्स आणि लायसन्स बघणारं खातं) म्हणतं, फॉर्म भरून द्या, शोध आमचा.

पुढच्या टप्प्यात खांब रोवून, सोलर पॅनल लावून सेन्सर कायमचे बसवायचे आहेत. एक जागा आम्ही जमातीचीच समजत होतो. जमातीच्या कौन्सिलने सांगितलं की तो तुकडा जमातीचा नाही, बीआयएकडे (ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स, मूळनिवासींचं काम बघणारं केंद्र सरकारचं खातं) जा. तिथे कळलं की चाळीस एकरांना शंभरावर मालक आहेत! रिझर्वेशनच्या आत राहून जमीन जमातीची नाही, हे कसं काय?

तिसरं, माझ्या चुलतभावाचा भोसरीला इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा कारखाना आहे. बोर्ड आणि केसिंग तो फार कमी पैशांत करून देईल. चालेल का?

वकील गाठा हे उत्तर मला माहीत आहे. वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळलं तरी पुरे.

दावा क्रमांक १

पेटंटच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून शोधापुरतं लिहितो. जमिनीचं जाणकारांनी सांगावं.

ताई, तुमच्या लॅबमधली तिन्ही मतं अर्धवट आहेत. ऑफिसचंसुद्धा, पण त्यांचं पारडं जड आहे. सरकारी पैशातल्या शोधांवर १९८० चा बे-डोल कायदा लागतो. बर्च बे इंडियानाचे डेमोक्रॅट सिनेटर, बॉब डोल कॅन्ससचे रिपब्लिकन. त्याआधी असे बहुतेक शोध सरकारकडे जात आणि धूळ खात पडत. सरकारच्या नावावर सुमारे २८,००० पेटंट्स होती आणि त्यातली पाच टक्केही कुणी वापरायला घेतली नव्हती, हा आकडा तेव्हा वारंवार दिला जायचा. नव्या कायद्याने ग्रँट घेणाऱ्या विद्यापीठाला मालकी ठेवून घेण्याची मुभा दिली. बदल्यात सरकारला तो शोध फुकट वापरण्याचा कायमचा परवाना मिळतो. शोध कुजवत ठेवला तर सरकार मध्ये पडून दुसऱ्याला लायसन्स द्यायला लावू शकतं. कायदा आल्यापासून २०२४ पर्यंत तरी हा अधिकार एकदाही वापरला गेला नव्हता, त्यामुळे त्याची फार धास्ती कुणी घेत नसे.

पण मालकी विद्यापीठाकडे आपोआप जात नाही, आणि इथेच भलेभले फसतात. स्टॅनफर्ड विरुद्ध रॉश हा खटला वकिलाला नक्की विचारा. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाशी करार केला होता, 'हक्क हस्तांतरित करण्याचं मान्य करतो'. पुढे तो सीटस कंपनीत काही काळ काम शिकायला गेला आणि तिथल्या कागदावर सही केली, 'याद्वारे हस्तांतरित करतो'. पहिला कागद नुसतं वचन, दुसरा प्रत्यक्ष व्यवहार. सीटसचा तो व्यवसाय रॉशने विकत घेतला. एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीवरचं पेटंट, पैसा सरकारी, आणि तरीही २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की शोध मुळात शोधणाऱ्याचा असतो आणि बे-डोलने ते बदललेलं नाही. विद्यापीठाला तो त्याच्याकडून लेखी घ्यावाच लागतो. २०१८ पासून तर नियमच आहे की ग्रँट घेणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांकडून असं हस्तांतर लिहून घ्यायचं.

तर पहिलं काम, रुजू होताना सही केलेला कागद शोधा आणि क्रियापद बघा. मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या पाहुण्यांच्या फॉर्मवर सही केली असेल तर तोही काढा.

दुसरं, फॉर्म लवकर भरा. तुम्ही लेखी कळवल्यावर विद्यापीठाला दोन महिन्यांत ग्रँट देणाऱ्या खात्याला कळवावं लागतं, मालकी ठेवायची की नाही ते त्यानंतर दोन वर्षांत ठरवावं लागतं. हे टाळणं महागात पडतं. कॅम्पबेल प्लॅस्टिक्स नावाच्या छोट्या कंपनीने लष्करासाठी मास्क बनवताना शोध नीट कळवला नाही आणि मालकी गमावली, २००४ चा निकाल आहे. रॉयल्टीत शोधणाऱ्याला हिस्सा देणं विद्यापीठाला बंधनकारक आहे, किती ते त्यांचं धोरण ठरवतं. विद्यापीठाने नको म्हटलं तर खात्याच्या परवानगीने शोध तुम्हालाही मिळू शकतो.

भोसरीबद्दल सावकाश लिहितो, त्यात एक गोम आहे.

गुंठेवारी

जमिनीचं मी सांगतो. रिझर्वेशनवरच्या जमिनींचे नकाशे बनवण्याच्या कामात होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर १८८७ मध्ये आहे. त्या वर्षीच्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन तुकडे करून माणसागणिक वाटली. कुटुंबप्रमुखाला १६० एकर, एकट्या प्रौढाला ८०. कारण असं सांगितलं की खासगी मालकी आली की माणूस शेतकरी होतो, 'सुधारतो'. वाटून उरलेली जमीन 'जादा' ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. १८८७ मध्ये जमातींकडे साधारण १३.८ कोटी एकर होती, १९३४ पर्यंत ४.८ कोटी उरली. मला विचाराल तर सुधारणा हे निमित्त होतं.

वाटलेले तुकडे पंचवीस वर्षं सरकारने विश्वस्त म्हणून सांभाळायचे होते. १९३४ च्या इंडियन रीऑर्गनायझेशन कायद्याने वाटप थांबवलं आणि ही मुदत बेमुदत केली. म्हणजे कागदावर मालक अमेरिकन सरकार, लाभ त्या माणसाचा, आणि तो गेला की वारसांचा. मृत्युपत्र करायची परवानगीच १९१० मध्ये मिळाली. जमीन प्रत्यक्ष वाटली जात नाही, फक्त हिश्श्याचे अपूर्णांक लहान होत जातात. सातबाऱ्यावर पणजोबापासूनचे सगळे वारस चढत जावेत आणि वाटणीपत्र कधीच होऊ नये, तसंच.

कुठपर्यंत जातं हे? १९८७ च्या होडेल विरुद्ध अर्व्हिंग निकालात डकोटातल्या एका चाळीस एकरांच्या तुकड्याचा हिशेब दिलाय. किंमत ८,००० डॉलर, वर्षाचं उत्पन्न १,०८०, मालक ४३९. सर्वांत मोठ्या हिस्सेदाराला वर्षाला ८२ डॉलर ८५ सेंट. सर्वांत लहान हिस्सेदाराला १७७ वर्षांनी एक सेंट! आणि ही नोंद सांभाळायचा सरकारी खर्च वर्षाला १७,५६० डॉलर, म्हणजे जमिनीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) त्यावर तोड काढली होती की अतिलहान हिस्से वारसांकडे न जाता जमातीकडे जावेत. न्यायालयाने ती रद्द केली, कारण मोबदला न देता वारसाहक्क काढून घेता येत नाही. सेंटभर जमिनीलाही घटनेचं संरक्षण, पण १८८७ नंतर गेलेले नऊ कोटी एकर कुणी परत दिले नाहीत. असो.

तुमच्या कामाचं: शंभर सह्या लागतील म्हणून घाबरू नका. भाडेपट्ट्यासाठी मालक वीस किंवा जास्त असतील तर निम्म्याहून अधिक हिश्श्याची संमती पुरते. डोकी मोजायची नाहीत, हिस्से मोजायचे. मालक पाच किंवा कमी असते तर नव्वद टक्के लागले असते, म्हणजे गर्दी तुमच्या पथ्यावर पडली. दुसरं, कोबेल खटल्याच्या (सरकारने या विश्वस्त जमिनींचे हिशेब नीट ठेवले नाहीत म्हणून मालकांनी लावलेल्या दाव्याच्या) तडजोडीतून १.९ अब्ज डॉलर असे हिस्से स्वखुशीने विकणाऱ्यांकडून घेण्यासाठी ठेवले होते, ती योजना २०२२ मध्ये संपली. घेतलेले हिस्से जमातींकडे गेले. त्यामुळे तुमच्या तुकड्यात जमात स्वतःच मोठी हिस्सेदार निघू शकते.

बीआयएकडे टायटल स्टेटस रिपोर्ट मागा. त्यात मालक, हिस्से, बोजे सगळं मिळतं. आणि तुमच्या खांबांना भाडेपट्टा लागेल, परमिट की राइट ऑफ वे (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क), हे लेखी विचारा. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

सह्यकडा

नाशिकहून. आमच्याकडे महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते. तिथली बीआयए तीच भूमिका करते का?

गुंठेवारी

थोडीफार. फरक असा की तुमच्याकडे जमीन आदिवासीच्या स्वतःच्या नावावर असते, सरकार व्यवहार अडवतं. इथे कायदेशीर नावच सरकारचं. १८२३ च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉशपासून हीच भूमिका आहे की जमातींना वहिवाटीचा हक्क, अंतिम मालकी सरकारची.

चष्मेबहाद्दर

एक भन्नाट कल्पना. पेटंट जमातीच्या नावावर करून टाका. जमाती सार्वभौम असतात, त्यांच्यावर दावा लावता येत नाही. पेटंट अभेद्य!

दावा क्रमांक १

भन्नाट आहे, आणि करून झालेली आहे. २०१७ मध्ये अलर्गन कंपनीने रेस्टासिस या डोळ्यांच्या औषधाची पेटंट्स न्यूयॉर्कमधल्या सेंट रेजिस मोहॉक जमातीला दिली. जमातीला १.३७५ कोटी डॉलर रोख आणि वर्षाला दीड कोटीपर्यंत रॉयल्टी, पेटंट वापरायचा परवाना परत कंपनीकडे. पेटंट ऑफिसातल्या फेरतपासणीपासून वाचायचा डाव होता. २०१८ मध्ये फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने) सांगितलं की जमातीची सार्वभौमता तिथे चालत नाही. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाच्या खटल्यात सरकारी विद्यापीठांनाही तेच उत्तर मिळालं.

शिवाय बे-डोलखाली विद्यापीठाला अमेरिकेतली मालकी सहज दुसऱ्याला देता येत नाही, ग्रँट देणाऱ्या खात्याची संमती लागते. लायसन्स मात्र देता येतं. जमातीला कमी दरात किंवा फुकट वापराचं लायसन्स हा जास्त शहाणा मार्ग.

आता तुमच्या तंत्रज्ञाबद्दल, कारण ताईंनी ओझरता उल्लेख केलाय पण माझ्या मते सगळ्यांत नाजूक मुद्दा तोच आहे. विहीर दाखवणं, नमुने भरणं यामुळे कुणी शोधकर्ता होत नाही. जमातीची जमीन किंवा पाणी वापरलं म्हणूनही पेटंटमध्ये वाटा मिळत नाही. तो वेगळ्या कराराने द्यावा लागतो. पण सेन्सरच्या कल्पनेतला एखादा भाग त्याला सुचला असेल तर तो सहशोधकर्ता आहे आणि त्याचं नाव घालावंच लागेल, नाहीतर पेटंट धोक्यात. तो विद्यापीठाचा नोकर नाही, म्हणजे त्याचा हक्क विद्यापीठाकडे जात नाही. त्याच्याकडे राहील किंवा त्याच्या नोकरीच्या करारानुसार जमातीकडे. आणि अमेरिकी कायद्यात पेटंटचा प्रत्येक सहमालक इतरांना न विचारता, हिशेब न देता, ते वापरू आणि लायसन्सवर देऊ शकतो. गुंठेवारींनी सांगितलेल्या जमिनीच्या बरोबर उलट: तिथे शंभर जणांत निम्मा हिस्सा गोळा केल्याशिवाय खांब रोवता येत नाही, इथे एक टक्केवाला सगळं बाजारात नेऊ शकतो. म्हणून विद्यापीठ आणि जमात यांचा करार आधी, अर्ज नंतर.

भोसरी: अमेरिकेत वापर किंवा विक्रीचं एकमेव लायसन्स ज्याला मिळेल, त्याने तो माल मुख्यतः अमेरिकेतच बनवायचा, असं बे-डोलचं कलम २०४ आहे. सूट मिळते, पण इथे बनवणारा शोधूनही मिळाला नाही किंवा परवडत नाही हे दाखवावं लागतं. एकमेव नसलेल्या लायसन्सला हे कलम लागत नाही. तुमचं नशीब की पैसा ऊर्जा खात्याचा नाही. त्यांनी २०२१ पासून अट याहून कडक केली आहे. भारतात विकायचा माल भोसरीत बनायला कलम २०४ आडवं येत नाही. विद्यापीठाने भारतात अर्जच केला नाही तर तिथे पेटंटच नसेल, मग भाऊच काय कुणीही बनवील. फक्त तो माल अमेरिकेत आणता येणार नाही. भारतात अर्ज हवा असेल तर लेख किंवा पोस्टर छापण्याआधी अमेरिकेतला पहिला अर्ज झालेला हवा. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, भारतात अशी सरसकट सवलत नाही. आणि गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय ड्रॉइंग्ज भावाला व्हॉट्सअॅप करू नका!

रानवाट

एक भर. जमाती करारावर अडून बसल्या तर वैतागू नका. ॲरिझोनात हवासुपाई लोकांचे रक्ताचे नमुने मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतले गेले आणि स्किझोफ्रेनिया, स्थलांतर अशा भलत्याच विषयांवर वापरले गेले. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली, नमुने परत केले. आणि १८६२ च्या मॉरिल कायद्याने विद्यापीठांना जी १ कोटी एकरांहून जास्त जमीन वाटली तीही जमातींचीच होती. तुमचं विद्यापीठ अशी जमीन मिळालेल्यांत आहे का बघून ठेवा, कौन्सिलमधल्या लोकांना ते पाठ असेल.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद सापडला, त्यात 'याद्वारे हस्तांतरित करते' असंच आहे. म्हणजे माझा भाग विद्यापीठाचा, ठीक. पण गाळ अडवण्यासाठी पुढची जाळी तिरकी लावायची कल्पना त्या तंत्रज्ञाचीच होती, वहीत तारखेसह आहे. उद्याच ऑफिसला कळवते.

शेवटचा प्रश्न गुंठेवारींना: मालकांपैकी बरेच जण वारले असून वारस ठरलेले नाहीत, असं बीआयएची बाई म्हणाली. त्यांचे हिस्से संमतीत कसे धरायचे?

गुंठेवारी

वारस ठरेपर्यंत त्यांच्या वतीने संमती द्यायचा अधिकार बीआयएला आहे, पत्ता न लागणाऱ्या मालकांसाठीही. ते आपणहून करत नाहीत, अर्जात तशी स्पष्ट मागणी लिहा. आधी जमातीच्या हिश्श्याची संमती घ्या, मग हयात मालकांपैकी मोठ्या हिश्श्यांची. एवढ्यात निम्म्याच्या पुढे गेलात तर बाकीच्यांचा प्रश्नच येणार नाही.