एखादी खुर्ची अभिजात ठरते ती नेमकी कशामुळे?

गोदाकाठ (परभणी):
आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळची एक सागवानी आरामखुर्ची आहे. हातांखालच्या लांब फळ्या फिरवून पुढे काढता येतात व त्यांवर पाय टाकून पहुडता येते. पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी आहे. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ती ‘डिझाइन क्लासिक’ म्हणून मागत आहे, तर घरातील तरुण मंडळींच्या मते हा मान केवळ नामवंत रचनाकारांच्या, परदेशी संग्रहालयांत ठेवलेल्या वस्तूंनाच मिळतो. खुर्ची विकायची नाही, हे ठरलेलेच आहे. तरीही वय, दुर्मिळता, किंमत, रचनाकाराचे नाव यांपैकी कोणत्या निकषावर फर्निचरचा नमुना अभिजात मानावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंधापटाशी (नांदेड):
वयाचा निकष पुरावस्तूंसाठी आहे. १९७२ च्या कायद्याने अशा वस्तूला किमान १०० वर्षांची अट घातली आहे. अभिजात नमुन्याला तशी अट नाही, आणि दुर्मिळतेचा तर त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. १८५९ साली व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी काढलेली १४ क्रमांकाची खुर्ची पाहा. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करायचे, वाकवताना बाहेरच्या अंगाचे तंतू फाटू नयेत म्हणून त्या अंगाला धातूची पट्टी आवळायची आणि साच्यातच वाळू द्यायचे, अशा रीतीने केलेले लाकडाचे ६ भाग १० स्क्रू व २ नटांनी जोडले की ती उभी राहत असे. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, आणि १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या होत्या.

तिच्या पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय एकाच अखंड काठीचे आहेत. साध्या खुर्चीत पाठ जिथे बैठकीला मिळते तिथले कुसू (खाचेत बसवलेले लाकडाचे टोक) सर्वांत आधी सैल होते, हे कोणताही सुतार सांगेल. थोनेट यांनी पाठ आणि पाय यांमधला सांधाच उरू दिला नाही. तिचा डौल वरून चढवलेला नाही, तो बनवण्याच्या रीतीतूनच आलेला आहे. माझ्या मते खरा निकष हाच आहे: लाकडाचा स्वभाव, कारागिराची रीत आणि बसणाऱ्याचे शरीर यांचा हिशेब एकाच आकारात असा मिटावा की एखादा तुकडा काढला तर वस्तू अडावी आणि एखादा वाढवला तर तो उपरा दिसावा.

आपल्या आरामखुर्चीतही हा हिशेब दिसतो. चौकटीच्या कडेने पाडलेल्या भोकांतून भिजवलेला वेत उभा, आडवा आणि दोन्ही अंगांनी तिरपा ओवला की आठकोनी छिद्रांची जाळी तयार होते, व वेत वाळता वाळता आवळून ताठ बसतो. आपल्याकडच्या वैशाखात जाळीतून वारा खेळत राहतो आणि पाठ घामेजत नाही. कोरीव नक्षी असलीच तर ती माझ्या लेखी गौण आहे.

कचेरीकर (छत्रपती संभाजीनगर):
रंधापटाशी यांचे म्हणणे कारागिराच्या बाजूने बरोबर आहे, परंतु रचनाकाराचे नाव इतके सहज बाजूला सारता येणार नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी स्विस वास्तुकार पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात घडवलेल्या सागवानी व वेताच्या खुर्च्या पुढे भंगार म्हणून निघाल्या. त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्यावर आपल्याला जाग आली. १०० वर्षे पुरी झालेली नसल्याने पुरावस्तूंच्या कायद्याचाही त्यांना आधार नव्हता. खुर्ची तीच, सांधे तेच. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर. म्हणजे समाजाची मान्यता हाही अभिजाततेचा एक भाग आहे, आणि ती मान्यता बहुधा नावाच्या वाटेनेच येते.

अंबाडीदोर (लातूर):
मान्यता येते, हे खरे. पण ती यायला नावच लागते, हे पटत नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा, आणि लोट्याचा कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नाही. (त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.) त्या न्यायाने मी आपली बाज पुढे करीन. चार खूर, चार दांड्या आणि अंबाडीची दोरी; झोळ पडला की पायथ्याची दोरी ओढून ताणायची, दिवसा भिंतीला उभी करायची आणि रात्री उचलून अंगणात टाकायची.

मात्र रंधापटाशी यांना एक विचारायचे आहे. लग्नाच्या मांडवात एकावर एक रचून ठेवतात ती एकसंध प्लास्टिकची खुर्चीसुद्धा त्यांच्या कसोटीला उतरते. एक साचा, एकच साहित्य, सांधा नाहीच. मग तिलाही अभिजात म्हणायचे का?

रंधापटाशी (नांदेड):
प्रश्न अडचणीचा आहे. साच्याच्या दृष्टीने ती खुर्ची अव्वल आहे, हे मान्य करावेच लागेल. पातळ पत्र्यासारख्या प्लास्टिकला बळ यावे म्हणून पायांना दिलेला पन्हळीसारखा आकार तर शिकण्याजोगा आहे. माझा आक्षेप दुरुस्तीबाबत आहे. तिच्या पायाला चीर गेली की ती टाकून द्यावी लागते; बाजेची दोरी, आरामखुर्चीचा वेत किंवा थोनेटचा एखादा स्क्रू मूळ आकाराला धक्का न लावता बदलता येतो. ही अट मी पहिल्या उत्तरात घातली नव्हती, ती आता घालतो. प्लास्टिकच्या खुर्चीला तेवढ्यावरून बाद करणे कोणाला जाचक वाटले, तर त्यांच्याशी मी फार वाद घालणार नाही.

गोदाकाठ, आपल्या खुर्चीची जाळी फाटलेली असल्यास तिथे प्लास्टिकची पट्टी विणू देऊ नये आणि भोके बुजवून वर फोमची गादी तर मुळीच ठोकू देऊ नये. वेत विणणारा मिळेपर्यंत ती तशीच राहिली तरी चालेल.