पार्सल ड्राफ्ट बिअर: दर वेळी नवा कॅन कशाला?

काचवाला (धागाकर्ता)

नळावरची बिअर घरी न्यायची म्हटली की हल्ली हातात क्राउलर ठेवतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 32 औंसांचा, म्हणजे साधारण 946 मिलीचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन. बिनझाकणाचा येतो, तिथेच नळाखाली भरतात, झाकण ठेवतात आणि काउंटरवरच्या छोट्या मशीनने सील करतात. घरी नेऊन उघडला, प्यायलो, टाकला. त्याआधी ग्राउलर होता: 64 औंसांची, फिरकीच्या झाकणाची काचेची बाटली. एकदा विकत घ्यायची आणि रिकामी झाली की भरून आणायची.

ड्राफ्ट बिअरचं वैशिष्ट्यच हे की ती केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून येते. केग स्टीलचा, धुऊन वर्षानुवर्षं भरत राहतात. ग्लासमागे पॅकिंगचा खर्च मोजण्याइतकाही नसतो. आणि दारातून बाहेर पडताना तीच बिअर एकदाच वापरायच्या कॅनमध्ये! सगळी वाट अनवाणी चालून घराच्या पायरीवर नवे बूट विकत घेण्यातला प्रकार.

पैसे कोण भरतं? आपणच. कॅन, झाकण, मशीन, ते चालवणाऱ्याचा वेळ, सगळं बिअरच्या दरात मुरवलेलं असतं, बिलावर वेगळं दिसत नाही इतकंच. शिवाय एकदा उघडला की परत बंद होत नाही. जवळजवळ लिटरभर बिअर एका बैठकीत संपवा, नाहीतर सकाळी बेसिनमध्ये ओता.

आठवडी घोट

काचवाले, तुमचा हिशोब बाटली खरोखर परत भरली जाते असं धरून आहे. समजा बाटलीची किंमत आठ कॅनइतकी. तिच्यात दोन कॅनची बिअर मावते, म्हणजे चौथ्या फेरीला पैसे वसूल. कागदावर झकास. माझ्याकडे दोन ग्राउलर आहेत. एक दोनदा भरला. दुसऱ्यात मनी प्लांट आहे.

कारण काय, तर बिअर न्यायची इच्छा घरून ठरवून निघत नाही हो. परतताना वाटेत होते. तेव्हा बाटली माळ्यावर असते. मग तिसरी बाटली विकत घ्यायची का? चार पैसे जास्त गेले तरी कॅन बरा.

नळामागचा

काउंटरच्या आत काही वर्षं उभा होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

लोक बाटल्या आणतात त्या कशा, हे तुम्ही पाहिलेलं नाही. महिनाभर झाकण घट्ट लावून ठेवलेली, तळाशी घोटभर जुनी बिअर, आत बुरशीची साय. ती आम्ही तिथे धुवायची, मागे रांग उभी. नाही धुतली तर दोष आमच्या बिअरला. माझा अंदाज, चारातली एक बाटली परत करावीशी वाटायची. (बाटली वापरणाऱ्यांनी एवढं करा: संपल्याबरोबर गरम पाण्याने विसळा, साबण नको, उलटी निथळा आणि झाकण काढूनच ठेवा. निम्मी भांडणं इथेच मिटतील.)

दुसरी गोष्ट प्राणवायू. नळातून उघड्या बाटलीत ओतली की बिअर हवेशी मिसळते, फेसाबरोबर गॅस जातो. म्हणून साधा भरलेला ग्राउलर दोन-तीन दिवसांत संपवा असं आम्ही सांगायचो. नंतर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते. कॅनमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर ढकलायची, नळाला लावलेली नळी तळापर्यंत घालून सावकाश भरायचं, फेस काठावर आला की त्या फेसावरच झाकण ठेवायचं. झाकणाखाली हवेचा कप्पा उरता कामा नये. एवढं केलं तर कॅन फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकतो.

आणि उजेड. हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याच्या वासाच्या जवळचा. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाही. कॅनला हा प्रश्नच नाही.

काचवाला

@नळामागचा, माहिती छान, पण तुम्ही चांगला भरलेला कॅन आणि वाईट भरलेली बाटली अशी तुलना केलीत. दाबाखाली भरणारी यंत्रं बाटलीसाठीही आहेत. त्यातही आधी कार्बन डायऑक्साइड जातो, मग बिअर, फेसही कमी. तशी भरलेली बाटली तुमच्या कॅनच्या मागे राहणार नाही. उलट घाईगर्दीत हवा न काढता नुसता भरून सील केलेला कॅन मी प्यायलोय. चौथ्या दिवशी पुठ्ठा!

म्हणजे फरक भांड्याचा नाही, हाताचा आहे.

तळ्यात मळ्यात

मला दोघांचं पटतंय, नावाला जागायला हवं ना.

आधी थोडा इतिहास, मग मुद्दा. ग्राउलर मुळात काचेचा नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोक झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातून गुत्त्यावरून बिअर आणायचे, पुष्कळदा पोरांना पाठवून. 1989 मध्ये वायोमिंगमधल्या ओटो ब्रदर्स ब्रुअरीने तीच पद्धत काचेच्या बाटलीत पुन्हा चालू केली. क्राउलर 2014 च्या आसपासचा: कोलोरॅडोची ऑस्कर ब्लूज ब्रुअरी आणि कॅन बनवणारी बॉल कंपनी यांचा. म्हणजे आपण पत्र्यावरून काचेवर गेलो आणि फिरून पत्र्यावर आलो. फक्त जुना डबा परत भरला जायचा, नवा जात नाही. काचवाल्यांच्या बाजूने याहून चांगला मुद्दा मला सापडला नाही.

आता उलट बाजू. 355 मिलीचा साधा कॅन रिकामा साधारण 13 ग्रॅम भरतो. क्राउलर मोठा असला तरी किलोभराच्या काचेपुढे कुठेच नाही. काच बनवायला भट्टी, वाहून न्यायला ट्रक, दर वेळी धुवायला गरम पाणी. आणि वापरलेलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून परत वापरायला खनिजापासून नवं बनवण्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. पण हे सगळं कॅन खरंच गोळा होऊन भट्टीपर्यंत पोचला तर. कचऱ्याच्या ढिगात गेला तर ते 5 टक्के कागदावरच. तेव्हा बाटली माळ्यावर आणि कॅन कचऱ्यात, दोन्ही सारखेच गुन्हेगार.

आठवडी घोट

"दोन्ही सारखेच गुन्हेगार" नाही पटलं. माळ्यावरची बाटली निदान पुढच्या वेळी भरता येईल. (बघा, तुमच्यामुळे मी काचवाल्यांच्या बाजूने बोलायला लागलो.)

फेसाळ

धागा पर्यावरणावर घसरला. मूळ प्रश्न खर्चाचा होता. भरताना नळाखाली जो फेस वाहून जातो त्याचा हिशोब कुणी केलाय? मला तर वाटतं कॅनच्या किमतीपेक्षा तिथेच जास्त जात असेल.

नळामागचा

@फेसाळ, दुखरी नस पकडलीत. कॅन वा नळाची नळी कोमट असली की बिअर उसळते. रिकामे कॅन फ्रिजमध्ये ठेवायला जागा नसते, म्हणून शनिवारी संध्याकाळी बरीच बिअर गटारात जायची. आणि मशीनचं काम दिसतं तेवढं निर्धोक नाही. झाकणाची कड कॅनच्या कडेखाली दुमडून दोन टप्प्यांत दाबतात, पत्र्याचे पाच थर एकमेकांत बसतात. रोलर जरा सैल झाला की कॅन बाहेरून शहाणा दिसतो आणि घरी जाईपर्यंत पिशवी ओली. एका गिऱ्हाइकाने गाडीतली सीट कुठल्या भाषेत धुतली ते मला फोनवर ऐकावं लागलं होतं.

@काचवाला, यंत्राबद्दल तुमचं बरोबर. पण दाबाखाली भरायला बाटली धड लागते. बारीक तडा गेलेली काच दाबाखाली फुटते. कोणाच्या घरातून कशी आलेली बाटली आहे हे बघत बसणं रांगेसमोर जमत नाही. मी मालक असतो तर बाटलीची अदलाबदल ठेवली असती: तुमची घाणेरडी आत, आमची धुतलेली बाहेर, वर अनामत.

काचवाला

अदलाबदल मान्य! हे आधी का नाही सुचलं मला. बाटली माझीच पाहिजे हा हट्ट कशाला. मग आठवडी घोट यांची माळ्याची अडचणही सुटते, पहिल्या फेरीला अनामत भरायची, बास.

कॅन मात्र अजून नकोच. एकट्यासाठी 946 मिली फार होते. अर्ध्या लिटरचे का भरत नाहीत?

नळामागचा

काही जण भरतात. पण झाकणाचा व्यास बदलला की मशीनचा वरचा साचा बदलावा लागतो, उंची नव्याने लावावी लागते. दोन मापं ठेवायची तर शक्यतो दोन मशीनं. म्हणून एकच माप आणि तेही मोठं.

आठवडी घोट

मनी प्लांट दुसऱ्या कुंडीत हलवला. बाटली गरम पाण्याने तीनदा विसळली, वास गेलाय असं वाटतं. आता गाडीच्या डिकीत ठेवली आहे, झाकण काढून.