'क्लॉडीन' विसरू नका

अमेरिकी पडद्यावरची काळी एकटी आई एकतर सोशिक असते नाहीतर व्यसनी, असं म्हटलं जातं ते बऱ्याच अंशी पटतं. पण १९७४चा 'क्लॉडीन' हा सिनेमा त्यातून वगळायलाच हवा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतली सहा मुलांची आई, डायान कॅरलने केलेली. सरकारी मदत पुरत नाही म्हणून ती गोऱ्यांच्या घरी चोरून घरकाम करते. तपासणीला बाई येणार म्हटल्यावर पोरं सराईतपणे घरातल्या वस्तू लपवतात, कारण काही चांगलं नजरेला पडलं की मदत कापली जाणार. कचरागाडीवर काम करणारा तिचा मित्र (जेम्स अर्ल जोन्स) घरात दिसला तरी तीच भीती. घरात पुरुष का नाही, याचं उत्तर तिच्या चारित्र्यात नाही, नियमांत आहे, हे सिनेमा स्वच्छ दाखवतो. शिवाय ती प्रेमात पडते, चिडते, मुलीवर हातही उचलते. देवी नाही, बाई आहे. कॅरलला यासाठी ऑस्कर नामांकन मिळालं.

त्याच वर्षी 'गुड टाइम्स' मालिका आली. त्यातल्या कुटुंबात बाप हवाच, हा आग्रह आईचं काम करणाऱ्या एस्थर रोलचा. पुढे निर्मात्यांशी खटके उडाल्यावर बापाचं काम करणाऱ्या जॉन अमोसला काढलं आणि ते पात्र अपघातात मारून टाकलं. रोलने झगडून टाळलेली एकट्या आईची चौकट अशी तिच्याच पात्रावर लादली गेली. मला याचा फार राग येतो. थोरल्या मुलाचं केलेलं विदूषक तिला आधीपासूनच खुपत होतं. शेवटी तीही मालिका सोडून गेली. परतली, पण स्वतःच्या अटी घालून.