मायकल जॅक्सन, लाइव्ह कॅसेटी आणि आपली गावं : तुमचे अनुभव सांगा

पऱ्हाटीवाला
शारदा मंडळाच्या मांडवात परवा पोरांचे डान्स होते. सातवीतला एक पोरगा एकाच हातात पांढरा हातमोजा घालून आला, 'बिली जीन' लागलं, आणि तो मागे मागे सरकत पार पडद्यापर्यंत गेला. मायकल जॅक्सन गेला तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा, अगदी तुमच्या दादासारखा नाचते!"

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तेव्हा अमरावतीला कॉलेजात होता. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकलची हिस्ट्री टूर. इकडे सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागलेली, दिवाळी तोंडावर, घरची सगळी माणसं वावरात, आणि दादा बडनेऱ्याहून गाडीत बसून मुंबईला. आला तो घसा बसवूनच. मग ओसरीवर त्यानं अख्खा कार्यक्रम सांगितला. दिवाळीभर, जो येईल त्याला. आधी पडद्यावर यान धडधडत येतं, मग ते खरोखर स्टेजवर उगवतं, दार उघडतं आणि आतून चिलखत घातलेला मायकल. 'अर्थ साँग'च्या शेवटी रणगाडा येतो, सैनिक बंदूक रोखतो, एक लहान पोर त्याला फूल देतं आणि बंदूक खाली येते. आजीला त्या रणगाड्याचं फार लागलं होतं. "एवढ्या वजनानं मांडव नाही मोडला?" असं पुन्हा पुन्हा विचारायची.

मी त्या मैदानात नव्हतो, पण तो कार्यक्रम मला क्रमासकट पाठ आहे. पुढे आर्वीहून भाड्यानं व्हीसीआर आणून रोमानियातल्या बुखारेस्टचा कार्यक्रम पाहिला, डेंजरस टूरमधला, १ ऑक्टोबर १९९२ चा. तो स्टेजखालून उसळून वर येतो आणि नुसता उभा राहतो. हात हलत नाही, मान हलत नाही. समोर माणसं बेशुद्ध पडून राहिली आणि हा उभाच. मला मायकलपेक्षा तो गर्दीचा आवाज जास्त आठवतो. आमच्या यात्रेलाही तेवढा आवाज कधी ऐकला नव्हता. गाणी कॅसेटवर होतीच, पण लाइव्ह ऐकलं की आपणही तिथंच कुठेतरी मागे उभे आहोत असं वाटे. खेड्यातल्या पोराला त्या मैदानात पोचायचा दुसरा रस्ता नव्हता.

कोणी मुंबईला गेलं होतं का? लाइव्ह रेकॉर्डिंग कुठून मिळवायचे? मायकलच पाहिजे असं नाही, जे आठवेल ते लिहा.

वर्धाकाठ
काय आठवण काढली भाऊ!! आम्ही टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बुखारेस्ट टेप केलं होतं. तार वगैरे काही नाही, टेपचा स्वतःचा माइक. सगळ्यांना दम भरला होता, कोणी बोलायचं नाही म्हणून. आणि बरोबर मधल्या एका गाण्यात आईचा आवाज, "जेवाले चला रे, भाकरी थंड होऊन राहिली." तेव्हा आईवर इतका चिडलो होतो. आता तेच गाणं फोनवर ऐकतो तर त्या जागी आई बोलत नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेट पेटीत आहे, लावायची हिंमत होत नाही, तुटली तर?

टिकली
@वर्धाकाठ दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. लावू नका तशीच. कोणी जाणकार असेल तर सांगा यांना.

संत्रीबाग
मी होतो अंधेरीला. तिकीट सगळ्यात मागचं. दुपारपासून उन्हात उभा, प्यायला पाणी नाही, पण कोणाची तक्रार नाही. मायकल दिसला म्हणाल तर बोटाच्या पेराएवढा. बाकी सगळं पडद्यावर. पण पहिला ठोका पडला ना, तो कानात नाही, छातीत पडला. असा आवाज आयुष्यात पहिल्यांदा. मग तो क्रेनवर चढून लोकांच्या डोक्यावरून आला, आणि माझ्या बाजूचा एक धिप्पाड माणूस ढसाढसा रडायला लागला. अनोळखी माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून.

मुंबईत तेव्हा दुसरी गोष्टच नव्हती. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेनं ओवाळलं, तो मातोश्रीवर बाळासाहेबांना भेटून आला, शिव उद्योग सेनेचा कार्यक्रम, करमणूक कर माफ केला म्हणून प्रकरण कोर्टात. संस्कृतीवरूनही वाद. गावात आल्यावर आमच्या मास्तरांनी मला चौकात उभं करून विचारलं, "काय रे, आपली संस्कृती बुडाली का मग?" मी म्हटलं, "सर, मी त्या गर्दीत एकही भांडण पाह्यलं नाही." ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनीच शाळेच्या गॅदरिंगला कॅसेट मागून नेली.

बांधावरून
@संत्रीबाग तुमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे? इकडे मोर्शीकडे फळगळ लय झाली.

संत्रीबाग
@बांधावरून वरुडातही तेच. निम्मं झाडाखाली. भाव काय म्हणतो व्यापारी?

बांधावरून
अजून कोणी बागेत पाय ठेवला नाही. धाग्याले धरून बोलायचं तर मले मायकल काही समजत नोयता, पण आमच्या गावात एका पोट्ट्याले सगळे जॅक्सनच म्हणत. खरं नाव रेशन कार्डावर. आता त्याचा जेसीबी आहे, त्याच्यावर मागे लिहिलं आहे 'जॅक्सन'.

नोंदवही
लाइव्ह अल्बमचा विषय निघाला म्हणून. मायकलचा स्वतःचा, एकट्याचा लाइव्ह अल्बम त्याच्या हयातीत आलाच नाही. एवढ्या मोठ्या तीन टूर करणाऱ्या माणसाचा! बॅड १९८७ ते ८९, डेंजरस १९९२-९३, हिस्ट्री १९९६-९७. भावांबरोबरचा 'द जॅक्सन्स लाइव्ह' १९८१ मध्ये आला, तो ऐकाच, त्यात त्याचा आवाज किती ताजा आहे. बुखारेस्टची डीव्हीडी २००५ ची. लंडनच्या वेम्बलीचा १६ जुलै १९८८ चा कार्यक्रम, ज्याला डायना आणि चार्ल्स आले होते, तो २०१२ मध्ये 'बॅड' अल्बमला २५ वर्षं झाली तेव्हा निघाला. त्याचं चित्र मायकलच्या स्वतःच्या व्हीएचएस कॅसेटवरून घेतलं आहे, म्हणून थोडं धुरकट दिसतं. मला तर ते धुरकटच आवडतं. आमच्या गावच्या भाड्याच्या व्हीसीआरवर सगळं तसंच दिसायचं.

पऱ्हाटीवाला
@नोंदवही हे माहीत नव्हतं, की त्याच्याही घरी व्हीएचएसच होती! दादाला आत्ताच फोन करून सांगितलं. तो वेम्बलीवाला कार्यक्रम सगळ्यात वरचा मानतो, म्हणतो बॅड टूरमध्ये तो जास्त गायचा, पुढच्या टूरमध्ये बऱ्याच ठिकाणी ओठ हलवायचा. यावरून आमचं भांडण होतं. माझ्यासाठी बुखारेस्टच.

नोंदवही
दादांचं खरं आहे. हिस्ट्री टूरमध्ये बरंचसं रेकॉर्ड वाजत होतं.

संत्रीबाग
असेल. पण मैदानात उभा असताना मला ते समजलं नाही आणि आता समजून त्या दिवसातलं काही कमी होत नाही.

टिकली
पोरांचं सगळं ऐकलं, आता पोरींचं ऐका. आम्हाला कुठलं स्टेज? पुसदजवळचं खेडं. कोजागिरीला भुलाबाईची गाणी झाली, खाऊ ओळखून वाटून झाला की आम्ही चार-पाच जणी मागच्या खोलीत. सारवलेल्या जमिनीवर पाय सरकतच नाही, कितीही करा. सरपंचांच्या घरी नवीन फरशी बसवली होती, तिथं पायमोजे घालून सरकायचं. टाच उचललेल्या पायावर भार द्यायचा आणि सपाट पाय मागे ओढायचा, एवढंच आहे ते. माझ्या मैत्रिणीला इतकं सुंदर जमायचं की तिची आजी म्हणायची, "पोरीच्या पायाले चाकं हायेत का?" लग्नानंतर ती गुजरातेत गेली. तिची मुलगी आता डान्स क्लास चालवते.

नोंदवही
@टिकली ते मागे सरकणं म्हणजे मूनवॉक. मायकलचा मूनवॉक लोकांनी पहिल्यांदा पाहिला तोही लाइव्ह कार्यक्रमातच. २५ मार्च १९८३ ला 'मोटाउन २५' या कार्यक्रमाचं चित्रण झालं, १६ मे ला टीव्हीवर दाखवलं.

सुताराचं पोर
पुढे झुकायची ती स्टेप कोणी केली का? सरळ उभं राहून पूर्ण शरीर पुढं, टाच जमिनीला. आम्ही सगळ्यांनी करून पाहिली, सगळे नाकावर. मग कोणीतरी सांगितलं की बुटाच्या टाचेला खाच असते आणि स्टेजमधून खिळा वर येतो, त्यात ती अडकवतात. त्याचं पेटंटही आहे त्याच्या नावावर, १९९३ चं. तर बाबांनी फळीला जाड खिळे ठोकून दिले, जुन्या बुटाच्या टाचेत खाच केली. आणि झुकलो! थोडासाच, पण झुकलो. तरी पोटऱ्या अशा भरून आल्या की मायकलच्या पायात किती ताकद असेल ते तेव्हा समजलं. बाबा दिवसभर वखर आणि तिफणी दुरुस्त करायचे, संध्याकाळी माझ्यासाठी हे. बाबांना मायकल कोण ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

खंजेरी
तुम्ही लाइव्ह म्हणता, आम्ही अकोटकडचे लोक म्हणतो सत्यपाल महाराज. सिरसोलीचे. सात खंजेऱ्या एकाच वेळी, आणि मधे समोरच्या माणसाला पकडून प्रश्न. त्यांच्या कीर्तनाच्या कॅसेटी म्हणजे लाइव्ह अल्बमच होते की! लोक कुठं हसतात, कुठं टाळी पडते, सगळं पाठ. बाबा टेप लावत आणि कॅसेटमधले लोक हसायच्या आधी स्वतः हसत. हे कोणत्या स्टुडिओत होणार? दारू सोडा, हुंडा घेऊ नका, हे आमच्या गावाने त्या कॅसेटीतून जितकं ऐकलं तितकं कुठल्या भाषणातून ऐकलं नसेल.

वर्धाकाठ
@खंजेरी अगदी! आमच्याकडे एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला मायकल, एकच कॅसेट 😀

झाडीपट्टी
वडसावरून लिहितो. आमच्याकडे टूर म्हणजे नाटक कंपनीची. दिवाळीपासून होळीपर्यंत गाडी आज या गावात, उद्या त्या गावात, रात्रभर नाटक, सकाळी झोप. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की नाटक असणारच. दोन अंकांच्या मधात डान्स, आणि एके वर्षी आमच्या कंपनीत एक जण मायकल करत होता. काळी टोपी, चकाकता कोट बायकोने टिकल्या लावून शिवलेला. थंडी मरणाची, लोक शेकोट्या पेटवून चादरी पांघरून बसलेले, आणि हा आला की सगळे उभे. वन्समोअर घेतल्याशिवाय पुढचा अंक सुरूच होऊ देत नसत. मूळ गाण्यातला एक शब्द कोणाला समजत नव्हता. धानाच्या बांधीत दिवसभर राबून आलेली माणसं ती, पण तालाला चुकत नव्हती.

पऱ्हाटीवाला
@झाडीपट्टी हा अनुभव सगळ्यांत भारी!

रात्रपाळी
मी नवीन पिढीतला. २६ जानेवारी २०२५, कोल्डप्ले बँड, अहमदाबाद. पुण्यातल्या मित्रांनी मुंबईची तिकिटं काढली होती, मला म्हणाले ये. कसा जाणार, गव्हाला ओलीत होतं. अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, तो धुऱ्यावर बसून फोनवर पाहिला. तिथं एक लाखाच्या वर माणसं, हातात चमकणारे पट्टे, इकडे मी, मोटरीचा आवाज आणि आमचा कुत्रा. मधेच लाइन गेली, मोटर बंद पडली, पाणी थांबलं, फोन मात्र चालू. पहिल्यांदा लाइन गेल्याचा आनंद झाला, कारण आता गाणं नीट ऐकू येत होतं. ते वर्धाकाठ दादांनी आईचं लिहिलं ना, माझ्या आठवणीत त्या गाण्यांमध्ये आमचा कुत्रा भुंकतो.

बांधावरून
रात्रीच्या लाइनचं काही करा म्हणा त्या कोल्डप्लेले 🙏 साप-किरडू पाहून ओलीत कर भाऊ, बूट घालत जा.

रात्रपाळी
हाव दादा, गमबूट आहेत.

शेवंता
मला २००९ आठवतं. तो गेला २५ जूनला, आपल्याकडे बातमी २६ च्या सकाळी. मृग कोरडा गेलेला, पेरण्या अडकलेल्या, घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नवरा अंगणात आभाळाकडे बघत बसलेला. टीव्हीवर बातमी लागली आणि हा माणूस, जो कर्जाच्या नोटिशीलाही रडला नव्हता, तो रडला. जुलैपासून लंडनला त्याचे पन्नास कार्यक्रम ठरले होते. हा म्हणत होता, "त्याचीबी पेरणी राहून गेली." त्या रात्री आम्ही दोघांनी जुनी कॅसेट लावली, हळू आवाजात, सासूबाई झोपल्या म्हणून.

टिकली
शेवंताताई 🙏 कसे आहेत दादा आता?

शेवंता
चांगले आहेत. शेळ्या घेतल्या, बरं चाललं आहे. हा धागा त्यांनाच वाचून दाखवत आहे, म्हणतात बुखारेस्टच भारी, वेम्बली नाही.

पऱ्हाटीवाला
दादांना माझा नमस्कार सांगा!!

टेपवाला
@वर्धाकाठ उशिरा पाहिलं. माझं अमरावतीला रेडिओ-टेप दुरुस्तीचं काम आहे. तुमची कॅसेट घरच्या जुन्या टेपमध्ये अजिबात घालू नका. एवढ्या वर्षांत टेपमधलं फीत दाबणारं रबरी चाक चिकट होतं, ते फीत ओढून घेतं आणि गुंडाळतं. आधी खिडकीतून बघा, रिळाच्या कडेला पांढरं काही दिसते का, ती बुरशी. कॅसेटमधला लहान नमद्याचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, पण फीत चांगली असते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दोन्ही रिळं नव्या डब्यात बसवतो. मग एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून, चांगल्या डेकवर लावून थेट कॉम्प्युटरवर घ्यायचं. एकाच वेळी, पहिल्याच लावण्यात. आईचा आवाज निघेल.

वर्धाकाठ
स्क्रूवाली आहे! पाच स्क्रू. पांढरं काही दिसत नाही. सोमवारी बाजाराच्या दिवशी येऊ का? पैसे किती होतील?

टेपवाला
या सोमवारी. पैशाचं राहू द्या. कॅसेट पिशवीत मोबाइलच्या किंवा स्पीकरच्या जवळ ठेवू नका, उन्हात नको, बसच्या इंजिनाजवळ तर नकोच.

सुताराचं पोर
निघालं की इथं सांगा वर्धाकाठ भाऊ, आम्ही वाट पाहतो.

बांधावरून
@झाडीपट्टी यंदा नाटकं कधीपासून? पोरं मागे लागली आहेत.

झाडीपट्टी
भाऊबीजेपासून. या, मुक्काम आमच्याकडे. चादरी घेऊन या फक्त.