मदत हवी आहे: सेकंड हँड गाडीसाठी टोकनची घाई
रत्नागिरीत घरच्या वापरासाठी २०१७ ची एमएच-०८ पासिंगची पेट्रोल गाडी पाहिली आहे. इंजिन ठीक वाटले; परंतु खालच्या पत्र्यावर नुकताच काळा रंग मारलेला दिसतो, आणि खाऱ्या हवेत हीच जागा आधी गंजत असल्यामुळे मला खरी चिंता तिचीच आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर बँकेचा बोजाही अजून दिसतो. आमच्या मेकॅनिकला गाडी रॅम्पवर चढवून पाहू द्यावी, एवढी विनंती केली असता विक्रेता ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आजच टोकन द्या’ असे सांगून सतत फोन करतो आणि टोकन परत मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र टाळतो. फॉर्म ३५ (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) व बँकेचे ना हरकत पत्र मिळण्यापूर्वी टोकन द्यायचेच झाल्यास पावतीवर कोणत्या अटी लिहून घ्याव्यात, आणि रंगाखालचा गंज रॅम्पशिवाय कसा ओळखावा?