प्रति: क्लबांचा मेळावा आणि कोर्स बदलायची मुदत

अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थी क्लबांचा मेळावा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात का ठेवतात, असं वर कुणीतरी विचारलंय. तेव्हा सगळे मोकळे असतात म्हणून. निदान तसं वाटतं तरी! खरी गोम त्याच सुमारास संपणाऱ्या, कोर्स बदलण्याच्या मुदतीत आहे. मुदतीत विषय सोडला तर बहुतेक ठिकाणी गुणपत्रकावर त्याचा मागमूस राहत नाही. नंतर सोडलात तर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे विषय मध्येच सोडला) असा शेरा पडतो आणि फीही पूर्ण परत मिळत नाही. मी एकदा चार क्लबांत नावं देऊन, फुकटचा टी-शर्ट घेऊन खोलीवर आलो आणि रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी पोर्टल उघडलं. मुदत बाराला संपलेली आणि विषय सोडायचं 'ड्रॉप' बटण करडं, म्हणजे बंद पडलेलं! हो, एखाद्या भरलेल्या विषयाच्या वेटलिस्टवर असाल तर ईमेल रोज बघा. जागा सुटल्यावर होकार द्यायला कधीकधी एकच दिवस मिळतो.