मदत हवी आहे: हिस्पॅनिक मतदार आणि स्थलांतर धोरण

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या) मतदारांवर लिहितेय आणि एका जागी अडकलेय.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मला समजतं. १९९४ साली तिथे 'प्रपोझिशन १८७' हा प्रस्ताव जनतेच्या मतदानाला आला. वास्तव्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळाही बंद करायचा तो प्रस्ताव. रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर प्रचार केला, निवडणूक जिंकली. प्रस्तावही मंजूर झाला, पण कोर्टात अडकला. मात्र धास्तावलेल्या हजारो स्थलांतरितांनी नागरिकत्व घेतलं, मतदार म्हणून नावं नोंदवली आणि रिपब्लिकन पक्षाला ते राज्य पुढे जडच गेलं. २०१२ मध्ये ओबामांनी निवडणुकीच्या तोंडावर 'डाका' (लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) आणलं, तेही याच हिशेबात बसतं.

पण मग टेक्सासमधली स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग)? मेक्सिकोच्या सीमेला लागून, जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक, आणि २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले! हद्दपारीची भाषा उघडपणे बोलूनसुद्धा. यामागे महागाई होती असं सांगतात, पण तेवढं एकच कारण मला पटत नाही. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नागरिक आहेत, म्हणून नव्याने येणारे त्यांना आपले वाटत नसतील का? क्यूबन किंवा जन्मतःच नागरिक असलेले प्वेर्तो रिकन यांना याच मापाने मोजणंही मला चूक वाटतं.

स्टार काउंटी ज्या रिओ ग्रांदे खोऱ्यात आहे, तिथे कुणी राहतं का, किंवा राहिलंय का? शेजारीपाजारी काय बोलतात, ते ऐकायचंय. आणि काउंटीनिहाय नागरिकत्वाची आकडेवारी नेमकी कुठे पाहायची, तेही कृपया सांगा. पुढच्या महिन्यात प्रकरण मार्गदर्शकांकडे द्यायचंय.